युसूफ वडगावची बोर

संक्रांतीच्या आधी आठ दिवस फुफीअम्माचा फोन आला. "पोरगी पिवळी पडलीये. जिना चढली की बसून घेती. तू मास्तरीण हायेस, एकदा येऊन बघून जा." पोरगी म्हणजे माझी भाची, फुफीअम्माची नात. यंदा बारावीला आहे. शनिवारची अर्धी शाळा आटोपली आणि मी बीडहून केजची एसटी धरली.

निघण्याआधी बीडमध्ये एका औषधाच्या दुकानातून एक बाटली घेतली. जांभळ्या रंगाचं सरबत. वर निळ्या-काळ्या परदेशी फळांचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'अँटीऑक्सिडंट'. किंमत ६५० रुपये. दुकानदार म्हणाला, "मॅडम, रक्तवाढीला, त्वचेला, सगळ्यालाच चांगलं." रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून घेतली. खरं सांगायचं तर त्या शब्दाचा अर्थ मलाही नीट ठाऊक नव्हता.

मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी बालाघाटाच्या माळावर आली. दिवाळीच्या सुमारास या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण इथल्या डोंगरातली ही झाडं कुणी लावलेली नाहीत, आपोआप वाढलेली. जानेवारीत ती निष्पर्ण उभी होती. नेकनूर मागे पडलं. केजपर्यंत उसाचे ट्रॅक्टर आडवे येत राहिले. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडे निघतात, गावात म्हातारी माणसं आणि काही पोरं उरतात. केजला उतरून मी वडापच्या जीपमध्ये बसले आणि दिवस कलायच्या आत युसूफ वडगावला पोहोचले.

फुफीअम्माचं घर तसंच आहे. पुढं ओटा, आत चौक, मागं म्हशीचा गोठा. सलाम झाला, तिनं माझं डोकं छातीशी धरलं, आणि लगेच स्टीलची वाटी पुढं सरकवली. वाटीत बोरं होती. बारीक, लालसर, थोडी सुरकुतलेली गावठी बोरं, वर मीठ भुरभुरलेलं.

"पैले बोरां खा बेटी, चाय बाद में."

मी पिशवीतून बाटली काढून दिली. फुफीअम्मानं ती उजेडाकडे धरून पाहिली.

"काय हाये ह्यात?"

"परदेशातली बोरं म्हणायची. ताकद येते म्हणतात."

"आणि ह्यात काय नाही?" तिनं माझ्या हातातल्या वाटीकडे बोट दाखवलं. मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे असं समजा.

भाचीला पाहिलं आणि काळजात चर्र झालं. नखं पांढरी, पापणी उलटून पाहिली तर आतली बाजू फिकट. भाभीनं सरकारी दवाखान्याचा कागद आणून दाखवला. हिमोग्लोबिन ८.६. पंधरा वर्षांवरच्या मुलीचं ते किमान १२ हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, जंताची गोळीही दिली होती. महिना झाला होता.

"गोळ्या घेतेस ना?" मी विचारलं.

"घेते. पण मळमळतं, म्हणून चहाबरोबर घेते."

मी कपाळाला हात लावला. शाळेत मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी आम्हीच वाटतो, त्याच्या प्रशिक्षणात ही गोष्ट आम्हाला पहिल्यांदा सांगितलेली. चहातली टॅनिन द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. गोळी चहाबरोबर घेतली, की तिचा बराचसा भाग वायाच जातो. उलट क जीवनसत्त्व असलेलं काही खाल्लं, लिंबू, पेरू, आवळा, तर भाजीभाकरीतलं लोह शरीराला जास्त मिळतं. लोह पोटात जाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. आपल्या घरात सकाळी चहा, जेवल्यावर चहा, पाहुणा आला की चहा. आणि फळ? ते आजाऱ्याला भेटायला जाताना घ्यायचं.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणात तो ४८ टक्के होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आपल्या घरातल्या दोन बायकांपैकी एक अशी असेल, तर थकवा हा बाईच्या नशिबाचा भाग मानून आपण गप्प बसतो आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फज्रनंतर फुफीअम्मा म्हणाली, "चल, बांधावर जाऊ." वय सत्तरीच्या पुढं, पण चालणं अजून ताठ. शेत गावाला लागून. एका बाजूला हरभरा, एका बाजूला ज्वारी हुरड्याला आलेली, पलीकडे ऊस. बांधावर ते झाड होतं. वाकडं खोड, खाली झुकलेल्या काटेरी फांद्या, पानांची खालची बाजू पांढुरकी. खाली बोरांचा सडा पडलेला आणि दोन शेळ्या तो साफ करण्यात गुंतलेल्या.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांच्या मागं लागायची खोड आहे. मराठीत बोर, उर्दूत बेर, आमच्या दखनीत बोरां. अरबीत याच कुळातल्या झाडाला सिद्र म्हणतात. पवित्र कुरआनात सिद्रचा उल्लेख सूरह सबा, सूरह नज्म आणि सूरह वाकिआमध्ये येतो. सूरह वाकिआत जन्नतच्या वर्णनात बिनकाट्याची सिद्र आहे. ज्यानं बोरीच्या काट्यांत हात घातला आहे, त्यालाच त्या नेमतीची खरी किंमत कळेल! युनानी जोशांद्यात जो उन्नाब पडतो, तोही बोराचाच भाऊबंद. आणि त्याच जोशांद्यातलं सपिस्तान म्हणजे आपल्या बांधावरचं भोकर. म्हणजे हकीमसाहेबांच्या पुडीतला काही माल आपल्या शेतातच उभा आहे, फक्त आपण त्याला नावानं ओळखत नाही.

फुफीअम्मा झाडाखाली टेकली आणि बोलू लागली. ७२ चा दुष्काळ तिनं ऐन तरुणपणी पाहिला. रोजगार हमीवर खडी फोडायची, मिळालेल्या लाल मिलोच्या भाकरी खायच्या, पोरांना सुकडी मिळायची. "त्या साली विहिरीला पाणी नव्हतं, पण ह्या झाडाला बोरं होती," ती म्हणाली. तिच्या सासूनं आधीच्या हिवाळ्यात बोरं वाळवून, कुटून बोरकूट करून ठेवलेलं. उन्हाळ्यात पोरांनी तेच पाण्यात कालवून खाल्लं.

मला सूरह युसूफ आठवली. सात सुकाळाच्या वर्षांत धान्य कणसातच राखून ठेवा, पुढं सात वर्षं कठीण येणार आहेत, असं हजरत युसूफ (अलै.) यांनी सांगितलं होतं. हे गाव कुणा युसूफच्या नावावर वसलं ते मला माहीत नाही. पण या नावाच्या गावात एका सासूनं नेमकं तेच केलं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

आता त्या बाटलीवरच्या शब्दाकडे येते. बीडला परतल्यावर आमच्या विज्ञानाच्या शिक्षिकेकडून मी तो समजून घेतला. कापलेलं वांगं किंवा सफरचंद उघडं ठेवलं, की काळं पडतं. हवेतल्या प्राणवायूमुळे ते होतं. लिंबाचा रस लावला, तर काळं पडणं लांबतं. आपल्या शरीरातही अन्नाचा वापर होताना काही अस्थिर कण तयार होतात आणि ते पेशींना इजा करतात. धूम्रपान, धूर, प्रदूषण यांनी ते वाढतात. त्यांना आवर घालणारी जी द्रव्यं, ती अँटीऑक्सिडंट. त्यातली काही शरीर स्वतः बनवतं, काही फळं-भाज्यांतून येतात. क जीवनसत्त्व त्यातलंच एक. फळांना जांभळा-काळा रंग देणारं अँथोसायनिन हेही तसंच. परदेशी ब्लूबेरीचा निळा रंग अँथोसायनिनचा, आणि आपल्या जांभळानं जीभ जांभळी होते तीही त्याच जातीच्या रंगद्रव्यानं.

इथपर्यंत दुकानदार खरा होता. पुढची गोष्ट त्यानं सांगितली नाही. कोणत्या फळात ही ताकद किती, याचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्यानं एका तक्त्यात दिले होते. कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरू लागल्या. परीक्षानळीत मोजलेली ताकद माणसाच्या शरीरात तशीच चालते असं दिसत नाही, म्हणून २०१२ मध्ये त्या खात्यानं तो तक्ताच काढून टाकला. आणखी एक उदाहरण फिनलंडचं. तिथं २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजरात जे बीटा कॅरोटीन असतं, त्याच्या गोळ्या त्यांच्यातल्या काहींना वर्षानुवर्षं दिल्या. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग उलट जास्त आढळला. गाजर खाणं चांगलंच आहे. पण गाजरातली एक वस्तू काढून बाटलीत भरली, की ती गाजर राहत नाही. फळात तंतू असतात, पाणी असतं, शेकडो द्रव्यं एकमेकांच्या सोबतीनं असतात. अल्लाहनं ती एकत्र ठेवली आहेत. माणूस त्यातली एकच वेगळी काढतो आणि ६५० रुपये घेतो.

आणि बाटलीवर रक्तवाढीचा दावा होता, त्याचं काय? त्या सरबतात किती लोह आहे ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत मी शोधलं. लोहाचं नावही नव्हतं. माझ्या भाचीला जे हवं होतं, तेच त्यात नव्हतं.

बांधावरून परतताना भाईजान, म्हणजे फुफीअम्माचा मुलगा, वाटेत भेटला. म्हणाला, "उन्हाळ्यात जेसीबी बोलावणार आहे. बांध सरळ करतो. ही बोर आणि ती बाभळ काढली की उसाला दोन सऱ्या जास्त बसतील. ट्रॅक्टरलाही अडतं." त्याचं खोटं नव्हतं. कर्ज आहे, मुलीची पुढची फी आहे. दोन सऱ्यांचा ऊस म्हणजे हातात येणारे पैसे. आजूबाजूच्या शेतांकडे नजर टाकली तर बांधावर झाडं जवळजवळ उरलीच नव्हती. लहानपणी मी याच गावात सुट्टीला यायचे तेव्हा शाळेच्या वाटेवर बोरी मोजता येत नव्हत्या.

मी त्याला अबू दाऊदच्या हदीससंग्रहातला इशारा सांगितला. बोरीचं झाड तोडणाऱ्याबद्दल त्यात फार कडक शब्द आहेत. पण लगेच हेही सांगितलं, की स्वतः इमाम अबू दाऊद यांनी त्याचा खुलासा केला आहे. रानातलं झाड, ज्याच्या सावलीला वाटसरू आणि जनावरं थांबतात, ते हक्क नसताना उगाच तोडणाऱ्याविषयी ते आहे. हे झाड तर त्याच्या मालकीच्या बांधावरचं. धर्माच्या नावानं भावाला धाक घालायचा आणि अर्धीच गोष्ट सांगायची, हे मला जमलं नसतं. तो ऐकून म्हणाला, "मग माझा हक्क आहे ना?" मी म्हटलं, "आहे."

फुफीअम्मा काही वेळ काही बोलली नाही. मग शांतपणे म्हणाली, "काट बेटा. लेकिन मेरे गुस्ल के पत्ते कहाँ से लाएगा, वो सोच ले."

मय्यतला शेवटची आंघोळ बेरीच्या पानांच्या पाण्यानं घालावी, हे आपण सगळे जाणतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्येच्या गुस्लच्या वेळी पाणी आणि सिद्र वापरायला सांगितल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. भाईजानच्या अब्बांच्या वेळी पानं याच झाडाची आणलेली होती. तो काहीच बोलला नाही. बैलाची दोरी हातात होती, ती गुंडाळत पुढं निघून गेला.

त्या रात्री मी, भाभी आणि भाची चुलीपुढं बसलो आणि एक कागद तयार केला. डॉक्टरांची गोळी जेवणानंतर, पाण्याबरोबर. सोबत आवळ्याची फोड किंवा अर्धा पेरू. चहा त्यानंतर निदान एक-दीड तासानं. आठवड्यातून तीन-चार दिवस बाजरीची भाकरी, कारण बाजरीत ज्वारीपेक्षा लोह जास्त. भाजीवर लिंबू पिळायचं, तेही ताटात वाढल्यावर, कारण शिजवताना क जीवनसत्त्व नष्ट होतं. जमेल तेव्हा मटण, कलेजी. दुपारी मूठभर बोरं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. भाचीनं कागद आपल्या रसायनशास्त्राच्या वहीत चिकटवला. बाटलीचं काय करायचं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "पी, वाईट नाही. पण औषध समजू नकोस."

मराठवाड्यात राहणाऱ्या माझ्या बहिणींना एक हिशोब सांगते. बाईला दिवसाला क जीवनसत्त्व सुमारे ६५ मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका मध्यम पेरूत दिवसाची गरज भागून उरते. आवळ्यात त्याहूनही जास्त. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसानं दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खाव्यात असं सांगते. आणि ऋतूंचं वेळापत्रक अल्लाहनं लावूनच दिलं आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी जांभूळ आणि करवंद. दसरा-दिवाळीला सीताफळ. थंडीत आवळा, पेरू, बोर. उन्हाळ्यात कैरी, चिंच, मग आंबा. शेजारच्या घरातून भोगीची भाजी आणि संक्रांतीचं वाण येतं, त्यात बोर, गाजर, हरभरा, ऊस असतो. ते नुसतं घेऊन ठेवू नका, खा.

काही गोष्टी जपून. मधुमेह असेल तर फळ अख्खं खा, रस काढून साखर घालून पिऊ नका. सीताफळ आणि आंबा बेतानं. आवळ्याचा मुरब्बा गोड पाकातला असतो, तो आवळा समजून खाऊ नका. जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून साखरेची गोळी बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. बाजारातली फळं फवारणीची असतात, स्वच्छ धुवा. बोरकूट चांगलंच, पण वाळवल्यावर क जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून हंगामात ताजी बोरं खाल्लेली बरी. आणि रक्त फार कमी असेल तर केवळ फळांनी ते भरत नाही, दवाखाना गाठावाच लागतो.

एप्रिलमध्ये भाचीचा फोन आला. हिमोग्लोबिन ११.१ झालं होतं. अल्हम्दुलिल्लाह. श्रेय गोळ्यांचं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "फुफी, मळमळ आवळ्यानं थांबली, म्हणून तर गोळ्या घेता आल्या." हेही खरंच. मी विचारलं, "बोर?" म्हणाली, "जेसीबी आला होता. बाभळ गेली. बोर अब्बांनी ठेवली. काही बोलले नाहीत, फक्त चालकाला म्हणाले, इथून वळव."

पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. दोन सऱ्यांचा मोह आणि कर्जाचा हप्ता दरवर्षी नवा येतो. म्हणून भाचीनं बोराच्या बिया पिशव्यांत टाकल्या आहेत, पावसाळ्यात घरामागच्या पडीक जागेत लावायला. मुसलमान एखादं झाड लावतो आणि त्याचं फळ माणूस, पाखरू किंवा जनावर खातं, तर तो लावणाऱ्याच्या नावे सदका होतो, ही हदीस आपण मुलांना पाठ करून घेतो. या पावसाळ्यात प्रत्येक घरानं एकच झाड लावलं तर पाठांतराला अर्थ येईल. आवळा लावा, जांभूळ लावा, शेवगा लावा. जागा कोपऱ्यातली असेल तर बोर लावा.

आमच्या शाळेत आता निळी गोळी पोषण आहारानंतरच देतो, उपाशीपोटी नाही. हंगाम असतो तेव्हा एक टोपली शेजारी ठेवतो. आवळे कापून, मीठ लावून. मुली आधी टोपलीकडे धावतात, मग गोळीकडे. चालेल.